सहकारी व अल्पखर्ची गृहनिर्माण

घराची गरज असलेल्या व्यक्तींनी स्वेच्छेने एकत्र येऊन संस्था स्थापन करणे आणि तिच्यामार्फत जमीन मिळविणे, भांडवल उभारणे, घरे बांधणे व बांधलेल्या घरांची सामाईक व्यवस्था पाहणे, यास सहकारी गृहनिर्माण म्हणतात. अन्न, वस्त्र, शिक्षण व औषधोपचार यांच्या खर्चाला बाध न येता ज्याचा भार अल्प उत्पन्नाच्या कुटुंबाला पेलता येतो असे घर पुरविणे, हे अल्पखर्ची गृहनिर्माणाचे उद्दिष्ट होय. या दोन संकल्पना एकरूप नाहीत. सहकारी संस्थेतील घर अतिशय महाग असू शकते. उलट शासकीय अनुदानातून उभे राहणारे स्वस्त घर बहुधा सहकाराशिवायच बांधले जाते. तथापि एकट्या कुटुंबाला दुर्लभ असणारी जमीन, कर्ज व तांत्रिक साहाय्य ही साधने समूहाला तुलनेने सुलभ होतात, यामुळे अल्पखर्ची घरांच्या प्रश्नात सहकाराला महत्त्व प्राप्त झाले आहे. ही साधने बऱ्याच अंशी तालुक्याच्या ठिकाणीच असतात; परंतु ती निरनिराळ्या कार्यालयांत विखुरलेली असल्याने गरजू कुटुंबाच्या हाती सहसा एकत्रितपणे लागत नाहीत. प्रस्तुत नोंदीत या विषयाचे सर्वसाधारण विवेचन करून धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) जिल्ह्यातील लोहारा तालुक्याच्या संदर्भात त्याचा विचार केला आहे.

स्वरूप व प्रकार : सहकारी गृहनिर्माण संस्थेत प्रत्येक सभासदास, त्याच्याकडे भाग कितीही असले तरी, एकच मत असते. संस्थेचा उद्देश नफा मिळविणे हा नसून सभासदांना निवारा व त्याच्याशी निगडित सोयी पुरविणे हा असतो. महाराष्ट्रातील सहकारी कायद्याखालील नियमांत अशा संस्थांचे मुख्यतः तीन प्रकार मानले आहेत. पहिल्या प्रकारात, म्हणजे भाडेकरू-मालकी संस्थेत, जमीन संस्थेच्या मालकीची किंवा तिने भाडेपट्ट्याने घेतलेली असते आणि तीवरील घरे सभासदांच्या मालकीची असतात. भूखंड पाडून स्वतंत्र घरे बांधणाऱ्या बहुतेक संस्था या प्रकारात मोडतात. दुसऱ्या म्हणजे भाडेकरू-सहभागीदारी संस्थेत जमीन व इमारत ही दोन्ही संस्थेच्या मालकीची असून सभासदाला सदनिकेच्या वापराचा हक्क मिळतो. मुंबई-पुण्याकडील बहुमजली इमारतींच्या संस्था सामान्यतः या प्रकारच्या आहेत. तिसऱ्या प्रकारात घरबांधणीसाठी तारणावर कर्ज देणाऱ्या किंवा सभासदांसाठी बांधकाम करून देणाऱ्या इतर संस्थांचा समावेश होतो. लहान गावाच्या दृष्टीने पहिला प्रकार अधिक सोयीचा ठरतो. कारण त्यात घर टप्प्याटप्प्याने वाढविता येते आणि जनावरे, सरपण, धान्य व शेतीची अवजारे यांसाठी अंगण राखता येते.

ऐतिहासिक आढावा : औद्योगिक क्रांतीनंतर यूरोपातील शहरांत कामगारांच्या वस्तीचा प्रश्न बिकट झाला व त्यातून गृहनिर्माणातील सहकाराचा उगम झाला. इंग्लंडमध्ये १९०१ साली लंडनजवळील ईलिंग येथे स्थापन झालेली भाडेकरूंची संस्था सहभागीदारी पद्धतीचा आरंभ मानली जाते. स्वीडनमध्ये १९२३ पासून भाडेकरूंच्या बचतीवर आधारलेली सहकारी चळवळ वाढली. यूरग्वायमध्ये १९६८ च्या गृहनिर्माण कायद्यानंतर सभासदांनी आठवड्यातील ठराविक तास प्रत्यक्ष बांधकामावर श्रम करावयाचे व जमीन सामूहिक मालकीत ठेवावयाची, अशा परस्परसाहाय्य संस्थांचा विस्तार झाला. पैशाऐवजी श्रम हे भागभांडवल मानण्याची ही पद्धत अल्प उत्पन्नाच्या लोकांसाठी विशेष उपयुक्त ठरली.

भारतात १९०४ चा सहकारी कायदा केवळ पतसंस्थांपुरता मर्यादित होता. १९१२ च्या कायद्याने पतेतर संस्थांच्या नोंदणीचा मार्ग मोकळा केला. तत्पूर्वीच १९०९ मध्ये बंगळूर येथे घरबांधणीची सहकारी संस्था निघाली होती. मुंबईत रावबहादूर श्रीपाद सुब्बराव तालमकी यांनी सारस्वत समाजातील मध्यमवर्गीयांसाठी गावदेवी येथे सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था स्थापन केली. १९१५ साली नोंदलेली ही संस्था सहभागीदारी पद्धतीची आद्य भारतीय संस्था समजली जाते. १९२५ च्या मुंबई सहकारी संस्था कायद्यानंतर मुंबई, पुणे व अहमदाबाद या शहरांत अशा संस्थांची वाढ झाली. आरंभीच्या बहुसंख्य संस्था एकाच जातीच्या किंवा एकाच पेशाच्या नोकरदारांच्या होत्या. परस्परांविषयीचा विश्वास हे त्यांचे बळ होते, तर बाहेरच्यांना प्रवेश न मिळणे ही त्यांची मर्यादा होती.

स्वातंत्र्योत्तर काळात मुंबई शासनाने युद्धोत्तर पुनर्रचना योजना क्र. २१९ अन्वये मागासवर्गीयांच्या सहकारी गृहनिर्माण संस्थांना जमीन व अर्थसाहाय्य देण्यास प्रारंभ केला. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत व खडकवासला धरणे फुटून पुण्यात आलेल्या पुरानंतर निर्वासित झालेल्या कुटुंबांच्या अनेक सहकारी गृहनिर्माण संस्था स्थापन झाल्या व त्यांना शासनाने जमिनी दिल्या. आपद्‌ग्रस्तांच्या पुनर्वसनाला सहकारी रूप देता येते, याचे हे महाराष्ट्रातील महत्त्वाचे उदाहरण होय.

मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात असल्याने मुंबई इलाख्यातील या घडामोडींचा लाभ त्यास थेट मिळाला नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हा प्रदेश द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि महाराष्ट्राच्या स्थापनेनंतर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० हा येथेही लागू झाला. परंतु या प्रदेशातील सहकार मुख्यतः पीककर्ज, साखर कारखाने, खरेदी-विक्री व दूध या क्षेत्रांत वाढला. राज्यात सहकारी गृहनिर्माण संस्थांची संख्या एक लाखाहून अधिक असली, तरी त्यांचे केंद्रीकरण मुंबई, ठाणे व पुणे या भागांत झालेले आढळते.

कायदे व यंत्रणा : सहकारी संस्थांची नोंदणी, निवडणुका, हिशेबतपासणी व तंटे यांबाबतच्या तरतुदी १९६० च्या अधिनियमात व १९६१ च्या नियमांत आहेत. गृहनिर्माण संस्थांचे प्रश्न इतर सहकारी संस्थांहून वेगळे असल्याने २०१९ च्या सुधारणेने त्यांच्यासाठी अधिनियमात स्वतंत्र प्रकरण घालण्यात आले. बांधकाम व्यावसायिकाकडून सदनिका घेणाऱ्यांच्या संरक्षणासाठी महाराष्ट्र मालकी सदनिका अधिनियम, १९६३ करण्यात आला. जमीन व इमारत संस्थेच्या नावे करून देण्याचे, म्हणजे अभिहस्तांतरणाचे, बंधन त्यात असूनही ते वर्षानुवर्षे टाळले जाई. म्हणून २००८ च्या दुरुस्तीने मानीव अभिहस्तांतरणाची तरतूद करण्यात आली. तिच्या आधारे, मूळ मालकाने टाळाटाळ केली, तरी सक्षम प्राधिकाऱ्याच्या आदेशाने संस्थेस मालकी मिळू शकते. केंद्राच्या २०१६ च्या स्थावर संपदा कायद्यान्वये राज्यात २०१७ पासून स्वतंत्र नियामक प्राधिकरण कार्य करीत आहे.

शासकीय गृहनिर्माणाचे कार्य पूर्वी मुंबई गृहनिर्माण मंडळ व विदर्भ गृहनिर्माण मंडळ यांच्याकडे होते. १९७६ च्या अधिनियमानुसार १९७७ मध्ये महाराष्ट्र गृहनिर्माण व क्षेत्रविकास प्राधिकरण (म्हाडा) स्थापन होऊन ते त्याच्याकडे आले. प्राधिकरणाचे मराठवाड्यासाठीचे विभागीय मंडळ छत्रपती संभाजीनगर येथे असून धाराशिव जिल्हा त्याच्या कार्यक्षेत्रात मोडतो. वित्तपुरवठ्याच्या क्षेत्रात केंद्र शासनाने १९७० मध्ये गृहनिर्माण व नगरविकास निगम (हुडको) आणि १९८८ मध्ये राष्ट्रीय गृहनिर्माण बँक या संस्था स्थापन केल्या. त्या सर्वसामान्य कुटुंबाशी थेट व्यवहार न करता मुख्यतः इतर संस्थांमार्फत कार्य करतात.

अल्पखर्ची घराचे घटक : घराचा खर्च म्हणजे विटा, सिमेंट, लोखंड व मजुरी यांचा खर्च, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः जमिनीची निर्वेध मालकी, परतफेडीला सोयीचे भांडवल आणि योग्य तंत्रज्ञान हे तीन घटक घराची परवड ठरवितात. यांपैकी पहिला नसेल, तर दुसरा मिळत नाही. कारण मालकीच्या कागदाशिवाय बँक कर्ज देत नाही व अनुदानही अडून राहते. तिसऱ्याकडे दुर्लक्ष झाले, तर स्वस्त घर अल्पकाळात दुरुस्तीस येते किंवा, लोहारा परिसरात घडले त्याप्रमाणे, राहणाऱ्यांच्या जिवावर बेतते.

लोहारा परिसर : लोहारा हा धाराशिव जिल्ह्याच्या आग्नेय भागातील तालुका पूर्वी उमरगा तालुक्यात समाविष्ट होता. दख्खनच्या काळ्या पाषाणाचा हा प्रदेश असून निम्न तेरणा प्रकल्पाचे धरण या तालुक्यात माकणी येथे आहे. येथील परंपरागत घर दगडमातीचे व माळवदाचे असे. जवळच सापडणारा अनघड दगड मातीच्या गाऱ्यात रचून दोन-तीन फूट व क्वचित त्याहून जाड भिंती उभारीत. लाकडी खांब व तुळया यांवर फळ्या टाकून वर मातीचा जाड थर देत. उन्हाळ्यात थंड व हिवाळ्यात ऊबदार राहणारे हे घर हवामानास अनुकूल होते. त्याचे बहुतेक साहित्य गावातच मिळत असल्याने ते खऱ्या अर्थाने अल्पखर्चीही होते. गळती थांबविण्यासाठी वेळोवेळी माळवदावर नवी माती टाकण्याच्या प्रथेमुळे मात्र छताचे वजन वाढत जाई.

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास किल्लारी परिसरात भूकंप झाला. त्याची तीव्रता ६ रिश्टरहून अधिक होती. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी असल्याने अनेक कुटुंबे उशिरा झोपली होती. शासकीय आकडेवारीनुसार ७,९२८ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. लातूर जिल्ह्यातील औसा तालुक्यातील किल्लारीप्रमाणेच आज लोहारा तालुक्यात असलेले सास्तूर हे गावही उद्ध्वस्त झाले. भिंतीचे आतील व बाहेरील थर आरपार दगडांनी एकमेकांस सांधलेले नव्हते. धक्का बसताच ते अलग होऊन कोसळले आणि माळवदाची माती झोपलेल्या माणसांवर आली. दोष दगडाचा नव्हता, तर बांधणीचा होता. तथापि या आपत्तीनंतर लोकांच्या मनात दगडी घराविषयी दीर्घकाळ भीती राहिली.

जागतिक बँकेच्या साहाय्याने राज्य शासनाने हाती घेतलेल्या पुनर्वसन कार्यक्रमात ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. काही गावांची जुन्याच ठिकाणी पुनर्बांधणी झाली आणि अनेक जिल्ह्यांतील लाखाहून अधिक घरांच्या दुरुस्ती व मजबुतीकरणासाठी अर्थसाहाय्य देण्यात आले. स्थलांतरित गावांतील घरांचे आकार कुटुंबाच्या जमीनधारणेवरून ठरविण्यात आले. भूमिहीन व अत्यल्पभूधारक यांना २५० चौ. फुटांचे, तर मोठ्या जमीनधारकांना ७५० चौ. फुटांचे घर मिळाले. यातून नुकसानीची भरपाई झाली. परंतु जुनी सामाजिक विषमता नव्या आराखड्यातही उतरली. पुष्कळ घरे स्वयंसेवी व औद्योगिक संस्थांनी, तर उरलेली शासनाने ठेकेदारांकरवी बांधून घेतली. सरळ रस्ते व चौकोनी भूखंड यांमुळे नव्या गावांचा विस्तार जुन्या गावठाणाच्या अनेक पटींनी वाढला. परिणामी पाणी, रस्ते व दिवे यांची देखभाल ग्रामपंचायतींना जड गेली. वाडा, बोळ व ओटा यांभोवती गुंफलेले शेजारसंबंध विरळ झाले. कित्येक कुटुंबांनी पुढे घराशेजारी पत्र्याच्या शेड, गोठे व चुली उभारून आराखड्यातील उणिवा आपल्या परीने भरून काढल्या.

दुरुस्ती व मजबुतीकरणाच्या कार्यक्रमाचे स्वरूप याहून भिन्न होते. त्यात अनुदान हप्त्याहप्त्याने घरमालकास मिळे व काम त्याने स्वतः करवून घ्यावयाचे असे. भिंतीत ठराविक अंतरावर आरपार जोडदगड किंवा काँक्रीटचे सांधे घालणे, भिंतींच्या माथ्यावर सलग प्रबलित काँक्रीटचा पट्टा देणे, माळवदावरील माती कमी करणे आणि खांब व तुळई यांच्या सांध्यास तिरके आधार देणे, हे उपाय सुचविण्यात आले. गावोगावच्या गवंड्यांना ही कामे करता येण्यासारखी होती. स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या पुढाकाराने लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांतील शेकडो गावांत स्थानिक महिलांची ‘संवाद सहायक’ म्हणून निवड झाली. अनुदानाचे नियम समजावून सांगणे, कामाच्या दर्जावर लक्ष ठेवणे व गावकरी आणि अभियंते यांच्यात दुवा साधणे ही कामे त्यांनी केली. महिला मंडळांना व पुढे बचत गटांना या अनुभवातून बळ मिळाले. नव्या गावांत घरे मिळाली. मजबुतीकरणात घराबरोबर घर बांधून घेण्याचे ज्ञानही गावात राहिले. सहकाराच्या दृष्टीने हा भेद महत्त्वाचा आहे. पुण्याच्या पूरग्रस्तांप्रमाणे भूकंपग्रस्तांच्या गृहनिर्माण संस्था या भागात रूढ झाल्या नाहीत; परंतु संस्थेसाठी लागणारी संघटित निर्णयशक्ती महिलांच्या या कार्यातून दिसून आली.

सोलापूरचा प्रयोग : लोहाऱ्याच्या शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात सहकार व अल्पखर्ची घर यांचा मोठ्या प्रमाणावर मेळ घातला गेला. सोलापूर शहरातील विडी कामगार महिला भाड्याच्या दाट वस्तीत राहून घरीच विड्या वळीत. कामगार नेते नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखाली त्यांची सहकारी गृहनिर्माण संस्था स्थापन झाली व तिला गोदूताई परुळेकर यांचे नाव देण्यात आले. शहरालगत कुंभारी येथे सुमारे १०,००० घरांची वसाहत उभी राहून २००६ मध्ये तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते तिच्या घरांचे वाटप झाले. खर्चाचा भार केंद्र शासन, राज्य शासन व कामगार सभासद यांनी वाटून घेतला होता. याच परिसरात पुढे यंत्रमाग कामगार, विडी कामगार, कचरा वेचणारे व इतर असंघटित श्रमिक यांच्यासाठी ‘रे नगर’ हा ३०,००० घरांचा प्रकल्प प्रधानमंत्री आवास योजनेखाली हाती घेण्यात आला. त्यातील १५,००० घरे १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते सुपूर्द करण्यात आली.

या प्रयोगात बांधकामाचे तंत्र असामान्य नव्हते. गरजूंची यादी संघटनेनेच केली, सभासदांनी आपला वाटा हप्त्याने जमविला, शहराबाहेरील स्वस्त जमीन एकत्रितपणे मिळविण्यात आली आणि विखुरलेल्या शासकीय योजना एका जागी आणण्यासाठी वर्षानुवर्षे पाठपुरावा झाला, हे त्याच्या यशाचे कारण होय. अर्थात शहरापासून दूरच्या वसाहतीत पाणी, वाहतूक, शाळा व रोजगार यांची सोय घरांबरोबरच करावी लागते. अन्यथा स्वस्त जमिनीचा लाभ दररोजच्या प्रवासखर्चात खर्ची पडतो.

स्थानिक साधने : लोहाऱ्यासारख्या ठिकाणी घर बांधू पाहणाऱ्या कुटुंबाने किंवा गटाने प्रथम आपले गाव कोणत्या प्रशासकीय कक्षेत येते हे पाहणे आवश्यक ठरते. लोहारा शहरास नगरपंचायत असल्याने तेथे नागरी योजना लागू होतात, तर तालुक्यातील इतर गावांना ग्रामीण योजना लागू होतात. एकाच तालुक्यात अर्जाचे ठिकाण, अनुदानाची रक्कम व पात्रतेचे निकष यांमुळेच भिन्न असतात.

जमिनीसंबंधीची माहिती तीन ठिकाणी मिळते. शेतजमिनीचा सात-बारा उतारा तलाठ्याकडे, गावातील घराची करआकारणीची नोंद (नमुना ८) ग्रामपंचायतीकडे आणि मोजणीचे नकाशे भूमी अभिलेख कार्यालयात असतात. आकारणीची नोंद हा मालकीचा निर्णायक पुरावा नव्हे, हे पुष्कळांस कर्ज नाकारले गेल्यावरच कळते. केंद्र शासनाच्या २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेनुसार गावठाणांची ड्रोनद्वारे मोजणी करून मिळकत पत्रिका देण्यात येत आहेत. त्यामुळे ही उणीव काही प्रमाणात दूर होत आहे. मराठवाड्यात जमीन घेताना आणखी दोन बाबी पाहाव्या लागतात. हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९५० अन्वये शेतकरी नसलेल्यास शेतजमीन खरेदी करण्यावर निर्बंध आहेत. तसेच इनाम, वतन इत्यादी प्रकारच्या जमिनी बहुधा भोगवटादार वर्ग २ मध्ये मोडत असल्याने त्यांच्या हस्तांतरणास सक्षम अधिकाऱ्याची पूर्वपरवानगी लागते.

दोन-तीन गुंठ्यांचे तुकडे साध्या मुद्रांक कागदावर लिहून घेण्याची पद्धत ग्रामीण भागात रूढ आहे. तुकडेबंदीच्या १९४७ च्या कायद्यामुळे असे व्यवहार नोंदविता येत नसत. त्यात पुढे वेळोवेळी सवलती दिल्या गेल्या. परंतु नोंदणी न झालेल्या तुकड्यावर कर्ज व अनुदान मिळविणे कठीणच असते. सहकारी संस्थेचा मोठा उपयोग नेमका येथे होतो. संस्थेने अकृषिक वापराची परवानगी असलेला सलग भूखंड घेतला व रेखांकन मंजूर करून घेतले, तर प्रत्येक सभासदास रस्ता, गटार व निर्वेध हक्क यांसह लहान भूखंड मिळू शकतो. शिवाय मोजणी, परवानगी व कायदेशीर सल्ला यांचा खर्च सर्वांत विभागला जातो.

भांडवलाच्या बाबतीत ग्रामीण भागात अनुदान हे प्रमुख साधन आहे. १९८५ मध्ये सुरू झालेल्या इंदिरा आवास योजनेची जागा २०१६ मध्ये प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण विभागाने घेतली. तीत घराचे किमान क्षेत्र २५ चौ. मी. ठरविण्यात आले. सपाट प्रदेशासाठी प्रारंभी १ लाख २० हजार रुपयांचे साहाय्य, त्याशिवाय रोजगार हमीतून मजुरी व स्वच्छता अभियानातून शौचालयासाठी रक्कम अशी रचना होती. राज्य शासनाच्या रमाई आवास (अनुसूचित जाती व नवबौद्ध), शबरी आवास (अनुसूचित जमाती), यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत (विमुक्त जाती व भटक्या जमाती) आणि २०२३ मधील मोदी आवास (इतर मागासवर्ग) या योजना विशिष्ट समाजघटकांसाठी आहेत. ज्यांचे नाव यादीत आहे पण जागा नाही, अशा कुटुंबांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी अर्थसाहाय्य योजना असून ती फारशी परिचित नाही. ग्रामीण योजनांची माहिती पंचायत समितीत व जिल्हा ग्रामीण विकास यंत्रणेत, तर नागरी योजनांची नगरपंचायतीत मिळते. लाभार्थ्यांच्या याद्यांची छाननी ग्रामसभेत होत असल्याने तेथे उपस्थित राहणे हेही एक साधनच होय. अर्ज कोणत्या टप्प्यावर आहे हे माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्यान्वये विचारता येते.

संस्थेच्या नोंदणीसाठी सहकार खात्याच्या सहायक निबंधकाकडे किंवा जिल्हा उपनिबंधकाकडे जावे लागते. खरेदीखत नोंदविणारा दुय्यम निबंधक हा नोंदणी व मुद्रांक विभागाचा अधिकारी असून त्याचा सहकारी संस्थांशी संबंध नसतो. नामसादृश्यामुळे येथे बऱ्याचदा गोंधळ होतो. वेगवेगळ्या कुटुंबांतील इच्छुक व्यक्तींनी मुख्य प्रवर्तक निवडणे, संस्थेचे नाव राखून घेणे, बँकेत खाते उघडून भागभांडवल जमा करणे, जमिनीची कागदपत्रे व योजनेचा खर्चअंदाज जोडणे आणि आदर्श उपविधी स्वीकारणे हे नोंदणीचे सर्वसाधारण टप्पे आहेत. नोंदणीनंतर वार्षिक सभा, हिशेबतपासणी आणि दुरुस्ती निधी यांची जबाबदारी संस्थेवर येते.

तांत्रिक साहाय्य हे सर्वांत उपेक्षित साधन होय. या भागातील काळी माती पावसात फुगते व उन्हाळ्यात आकसून भेगाळते; म्हणून पाया मुरूम किंवा खडकापर्यंत नेणे किंवा त्यासाठी विशेष उपाय करणे आवश्यक असते. जोते, दार-खिडक्यांचा माथा व छत या तीन पातळ्यांवर सलग पट्टे आणि कोपऱ्यांत उभ्या सळया घातल्यास खर्चात होणारी वाढ मर्यादित असते. परंतु भूकंपात जीव वाचण्याची शक्यता पुष्कळ वाढते. १९९३ नंतर या कामांत तयार झालेले गवंडी, पंचायत समितीचे अभियंते व परिसरातील तंत्रनिकेतने यांच्याकडून हे मार्गदर्शन मिळू शकते. साहित्याची एकत्रित खरेदी व एकाच नमुन्याचे साचे वापरून होणारी बचत ही दहा-वीस घरे एकाच वेळी बांधणाऱ्या गटासच साधते.

अडचणी व मूल्यमापन : ग्रामीण भागात सहकारी गृहनिर्माण फारसे न रुजण्याची कारणे अनेक आहेत. शेतकरी कुटुंबाचे उत्पन्न हंगामी असल्याने मासिक हप्त्याची पद्धत त्यास गैरसोयीची ठरते. अवर्षणाच्या काळात अनेक कुटुंबे ऊसतोडणीसाठी किंवा पुणे-मुंबईकडे स्थलांतर करतात व संस्थेचे काम खंडित होते. अनुदान व्यक्तीच्या नावे मिळत असल्याने एकत्र येण्यास प्रोत्साहन उरत नाही. काही ठिकाणी प्रवर्तकच संस्थेचा उपयोग जमिनीच्या व्यापारासाठी करतात व सभासद नाममात्र राहतात. जातवार वस्त्यांची जुनी रचना नव्या वसाहतीतही टिकून राहण्याचा धोका असतो. या दोषांवर खुले सभासदत्व, नियमित हिशेबतपासणी व स्त्रियांचा व्यवस्थापनातील सहभाग हेच मुख्य उपाय आहेत.

अनुदानातून मिळणारे घर व सहकारातून मिळणारे घर यांत श्रेष्ठ कोणते, हा प्रश्न गौण आहे. अनुदानाशिवाय भूमिहीन कुटुंबास घर बांधता येत नाही आणि संघटनेशिवाय ते अनुदान वेळेवर, पुरेसे व योग्य कामास लागत नाही. पुण्यातील पूरग्रस्तांच्या संस्था, सोलापूरच्या विडी कामगार महिलांची वसाहत आणि लातूर-धाराशिव भागातील संवाद सहायक महिलांचे कार्य या तिन्हींत राहणाऱ्यांचा निर्णयात सहभाग हे समान सूत्र आढळते. लोहाऱ्यासारख्या तालुक्यात जमिनीच्या नोंदी, अनुदानाच्या योजना, जाणते गवंडी व महिलांचे बचत गट ही साधने उपलब्ध आहेत. त्यांना एकत्र बांधणारी लहान, विश्वासार्ह व लोकनियंत्रित संस्था निर्माण होणे, यावर या भागातील अल्पखर्ची गृहनिर्माणाचे भवितव्य मोठ्या प्रमाणात अवलंबून आहे.